पाणी मारलं का?

मिस्त्री गेल्याला या पावसाळ्यात वर्ष होईल. साइटवर, गल्लीत, अगदी शाळेच्या पालकसभेतही सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे, म्हणून इथेही मिस्त्रीच. पुण्यात त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. आधी कोथरूड, कर्वेनगर, मग वारजे, धनकवडी, आंबेगाव आणि शेवटी नऱ्हे. शहर जसं टेकड्यांच्या अंगाला पसरत गेलं तसं त्यांचं कामही सरकत गेलं. त्यांच्याबद्दल 'कष्टाळू' एवढं म्हणून भागत नाही, कारण सकाळी मजूर अड्ड्यावर डबा घेऊन उभा राहणारा प्रत्येकच माणूस कष्टाळू असतो. मिस्त्रींना कुठल्या गोष्टीला किती मुदत लागते ते पक्कं ठाऊक होतं, आणि ती मुदत ते कुणालाही कापू देत नसत. मालक असो, ठेकेदार असो, की घरचं कुणी.

गाव निलंगा तालुक्यातलं, कर्नाटकच्या सीमेलगतचं. १९७२च्या दुष्काळात आई-वडील खडी फोडायच्या कामावर जात आणि हा दहा-अकरा वर्षांचा पोरगा त्यांच्याबरोबर. तिथे वाटलेल्या सुकडीचा, त्या कोरड्या पौष्टिक पिठाचा, विषय निघाला की मिस्त्री गप्प व्हायचे. सत्तरचं दशक संपता संपता ते पुण्यात आले, बिगारी म्हणून. पानशेतच्या पुरानंतर शहर नदीकाठ सोडून बाहेर सरकलं होतं, कोथरूडकडे बंगल्यांच्या सोसायट्या उठत होत्या आणि हातांना काम होतं.

बिगाऱ्याचा गवंडी होतो तो कुठल्या शाळेत नाही. आधी घमेली उचलायची, वाळू चाळायची, विटा भिजवायच्या. मग माल, म्हणजे सिमेंट-वाळू, कालवायला मिळतो. माल कालवणं हे हलकं काम आहे असं बाहेरच्याला वाटतं, पण भिंतीची निम्मी ताकद तिथेच ठरते. सिमेंटचं ५० किलोचं पोतं म्हणजे ३५ लिटर माप. वाळूही त्याच मापाच्या पेटीनं मोजायची, ४० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, २५ खोल. विटांच्या जाड भिंतीला एकास सहा, म्हणजे एक माप सिमेंटला सहा मापं वाळू, गिलाव्याला एकास चार. घमेल्यानं मोजलं की एक घमेलं शिगोशिग, दुसरं निम्मं, आणि माप हुकतं. त्यातून वाळू दमट असेल तर ती फुगते. थोड्या ओलाव्यानं वाळूचं आकारमान पाव हिश्शानं वाढू शकतं, म्हणजे पेटी भरलेली दिसते पण आत वाळू कमी. मग सिमेंट जास्त पडतं आणि गिलाव्याला केसासारख्या तडा जातात. मालकाला वाटतं सिमेंट कमी घातलं म्हणून तडकलं, आणि प्रत्यक्षात झालेलं असतं उलटं. मिस्त्री पहिल्या पावसानंतर वाळूच्या ढिगात हात घालून बघत आणि त्या दिवशीचं वाळूचं माप वाढवून सांगत.

पाणी घातल्यावर माल तासाभरात संपला पाहिजे. सिमेंट साधारण अर्ध्या तासानंतर आवळायला लागतं. जेवणाच्या सुट्टीआधी मोठा ढीग कालवून ठेवायचा आणि नंतर त्यावर पाणी शिंपडून पुन्हा नरम करायचा, हे जागोजागी चालतं. तसा माल थापीला छान लागतो, पण त्यातला जीव गेलेला असतो. मिस्त्रींच्या हाताखालच्या पोराला सुट्टीच्या आधी अर्धं पोतंही फोडायची परवानगी नसे. "घाई कशाला करायलाव? जेवून ये," असं त्यांच्या लातुरी बोलीत ते म्हणत. उरलेला माल ते टाकून द्यायला लावत, आणि ठेकेदारानं तोंड वाकडं केलं तर तेवढे पैसे हजेरीतून कापा म्हणत.

त्यांच्या हातातलं बघण्यासारखं अवजार म्हणजे ओळंबा. पितळी लंबक, वर सुती दोरा, आणि दोऱ्यात ओवलेला लाकडी गुटका. गुटक्याची रुंदी लंबकाच्या व्यासाएवढीच असावी लागते, सुताचाही, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचाही, फरक चालत नाही. गुटका भिंतीच्या माथ्याला टेकवायचा, लंबक खाली सोडायचा आणि तो झोके घ्यायचा थांबेपर्यंत काहीही करायचं नाही. लंबक भिंतीला नुसता चाटून उभा राहिला तर भिंत ओळंब्यात. भिंतीवर रेलला तर खालचा भाग बाहेर आलाय, लांब राहिला तर माथा पुढे झुकलाय. सगळं कौशल्य त्या थांबण्यात आहे. वारा असला तर मिस्त्री लंबक पाण्याच्या डबड्यात बुडवून ठेवायचे, म्हणजे झोका लवकर मरतो, आणि भिंतीपासूनचं अंतर मग वर दोऱ्यावर फूटपट्टीनं मोजायचे. नवशिका गवंडी लंबक हलत असतानाच हातानं धरतो आणि 'बरोबर आहे' म्हणतो. तीन फुटांना एक सूत चुकलं तर दहा फुटांना तीन सूत, आणि ते तीन सूत मग गिलाव्याच्या जाडीत लपवावे लागतात. जाड गिलावा स्वतःच्या वजनानं सुटतो. पुण्यातल्या कितीतरी जिन्यांमध्ये पोकळ वाजणाऱ्या भिंती आहेत, त्यांचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

वीट भिजवलेली असावी, पण निथळती नको. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि दरजेतला, म्हणजे विटांमधल्या फटीतला, माल भुसभुशीत राहतो, नखानं उकरला तरी निघतो. टाकीत वीट बुडवली की बुडबुडे येतात. ते थांबले की वीट प्यायली असं समजायचं. थर लावताना खाच वर, दरज १० मिलिमीटरची, उभी दरज खालच्या दरजेवर कधीच नाही. आणि दिवसात पाच फुटांच्या वर भिंत चढवायची नाही. एक गवंडी आणि दोन बिगारी दिवसाला पाचशे-सहाशे विटा आरामात लावतात. हाताला वेग असला की पाच फूट दुपारीच होतात आणि ठेकेदार म्हणतो, चला, लिंटलपर्यंत, म्हणजे दाराच्या माथ्यापर्यंत, न्या. ओल्या मालावर वरचं वजन आलं की खालच्या दरजा दबतात आणि ओळंबा बिघडतो. मिस्त्री अशा वेळी दुसरी भिंत धरायचे. चार इंची आडभिंतीला दर तीन-साडेतीन फुटांवर काँक्रीटचा पट्टा हवा, त्यात सहा मिलिमीटरच्या दोन सळया. हा पट्टा सगळ्यात आधी वगळला जातो, कारण त्यासाठी फळ्या लावायच्या, काँक्रीट करायचं आणि एक दिवस थांबायचं. तो एक दिवस वाचवला की पुढे दार जोरात आपटल्यावर भिंत थरथरते.

आणि मग पाणी. 'पाणी मारलं का?' हे त्यांचं साइटवरचं पहिलं वाक्य, सकाळी सायकल टेकवायच्या आधी. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. पाणी आटलं की ती क्रिया थांबते, आणि थांबली की थांबलीच, नंतर टँकर ओतला तरी राहिलेली ताकद पुरती येत नाही. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, राख मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा. हल्ली बाजारात बहुतेक राखेचंच सिमेंट मिळतं, आणि पुण्याच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत मिस्त्री चौदाच्या खाली येत नसत. स्लॅबवर मालाची आळी घालून दोन इंच पाणी कोंडायचं. कॉलमला गोणपाट गुंडाळायचं. भिंतीवर दिवसातून तीन वेळा, त्यातली एक खेप सूर्य मावळल्यावर. या खेपेचे पैसे कुणी देत नाही. सगळे घरी गेल्यावर मिस्त्री पाइप धरून उभे राहत, आणि रविवारीही सायकलवरून फक्त पाणी मारायला येऊन जात. सेंट्रिंग, म्हणजे ओल्या काँक्रीटखालचा आधार, काढायच्या बाबतीतही तेच. पंधरा फुटांपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू किमान सात दिवस, त्याहून मोठा गाळा असेल तर चौदा, मोठ्या तुळईखालचे एकवीस. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात, त्याचं भाडं चढत असतं. या तारखा मिस्त्री खडूनं कॉलमवर लिहून ठेवायचे, म्हणजे वाद तोंडी राहत नसे.

१९९३ साली त्यांचा पुण्यात जम बसलेला होता. ३० सप्टेंबरच्या पहाटे, विसर्जनाची रात्र उलटत असताना, किल्लारीचा भूकंप झाला. त्यांच्या गावात पडझड झाली, माणसं वाचली. शेजारच्या औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावं मात्र आडवी झाली, हजारो माणसं गेली. मिस्त्री आठवडाभर तिकडे जाऊन ढिगारे उपसत होते, आणि परत आले ते एक गोष्ट डोक्यात पक्की करून. मराठवाड्यातली ती घरं म्हणजे दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. भिंत जाड म्हणजे भक्कम, असं पिढ्यान्‌पिढ्या सगळे समजत आले होते. पण ती भिंत एक नव्हतीच. बाहेरचा दगडांचा पदर वेगळा, आतला वेगळा, मध्ये माती आणि कपच्या. दोन्ही पदरांना आरपार बांधणारा लांब दगड कुठेच नाही. जमीन हलल्यावर पदर एकमेकांपासून फाटले, भिंत फुगली, आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर आली. दर दोन फूट उंचीवर आणि दर चार फूट लांबीवर एक आरपार दगड, आणि भिंतीच्या माथ्यावर चहूबाजूंनी बांधून घेणारा पट्टा, एवढं असतं तर कितीतरी घरांतल्या माणसांना बाहेर पळायला वेळ मिळाला असता.

त्यानंतर मिस्त्रींच्या कामात बांधून घेणं आलं. दोन भिंती जिथे भेटतात तिथे ते नुसते दाते सोडून पुढे जात नसत. पायऱ्या सोडत, म्हणजे दुसरी भिंत त्यात पूर्ण अंगानं बसते. कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांचे आकडे, म्हणजे वळवलेली टोकं, काटकोनात वाकवलेले दिसले तर ते सळईवाल्याला परत बोलावत. आकडा १३५ अंशांत आत वळलेला आणि काँक्रीटच्या गाभ्यात रुतलेला हवा. काटकोनातला आकडा वरचं कवच उडालं की उघडतो आणि कॉलम पिंजऱ्यासारखा फुटतो. हे गवंड्याचं काम नव्हे, सळईवाल्याचं, त्यामुळे भांडणं व्हायची. ती भांडणं करायला ते कंटाळले नाहीत, हे माझ्या लेखी त्यांच्या सगळ्या कारागिरीपेक्षा मोठं आहे.

आता घराबद्दल. बांधकामावर येणारं कुटुंब साधारणपणे साइटवरच राहतं. पत्र्याची खोली फुकट, पाणी टँकरचं, वीज ओढून घेतलेली. इमारत उभी राहिली की पत्रे उचलायचे आणि पुढच्या साइटवर. भाडं वाचतं, पण पोरांची शाळा दर दीड-दोन वर्षांनी तुटते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तुटली की पुन्हा जोडली जात नाही. डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्था पुण्यात १९९३पासून साइटवर जाऊन वर्ग चालवतात, तान्ह्या मुलांसाठी तारा मोबाईल क्रेशेस आहे. या लोकांचं काम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, की बाराखडी नुकतीच धरलेलं मूल एक दिवस टेम्पोत बसून निघून जातं, तेव्हा शिकवणाऱ्या ताईवर काय गुदरतं.

मोठी मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा मिस्त्रींनी साइटवरची खोली सोडली. पर्वतीच्या पायथ्याला जनता वसाहतीत दहा बाय दहाची खोली भाड्यानं घेतली. मुकादमानं वेड्यात काढलं. फुकटातली जागा सोडून महिन्याला भाडं, वर रोजचा सायकलचा दामटा. साइट वारज्याला असो की आंबेगावला, खोली हलली नाही. मुलगी आणि तिच्या पाठचा मुलगा, दोघंही महापालिकेच्या एकाच शाळेत शिकले. माझ्या मते मिस्त्रींनी आयुष्यात घेतलेला सगळ्यात कसबी निर्णय हाच.

भाडं भागायचं कसं, याचाही त्यांचा हिशेब होता. उचल घ्यायची नाही. दिवाळीला गावी जाताना, लग्नकार्याला, आजारपणाला ठेकेदार आगाऊ पैसे देतो आणि माणूस बांधला जातो. मग तो सांगेल त्या साइटवर, सांगेल त्या दरानं, सांगेल तितके तास. मिस्त्रींनी त्याऐवजी दोन भिश्या लावल्या. एकीचे पैसे जूनमध्ये यायचे, वह्या-पुस्तकांच्या वेळी, दुसरीचे दिवाळीला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात हजेरीची खूण. पूर्ण दिवसाला उभी रेघ, अर्ध्याला आडवी, खाड्याला टिंब. शनिवारी चुकारा, म्हणजे आठवड्याची मजुरी, घ्यायला जाताना ते पान फाडून खिशात. वाचता जेमतेम यायचं, पण त्या खुणांपुढे कुठल्याही मुकादमाची वही टिकली नाही. पावसाळ्यात टिंबं वाढतात. जुलैमध्ये बाहेरचा गिलावा बंद, खोदाई बंद. ते दिवस ओळखून मे महिन्यापासूनच आतली कामं ठरवून ठेवायची, टाइल, बाथरूम, ओटे.

त्यांच्या पत्नीला साइटवर सगळे मावशी म्हणत. त्याही बिगारी होत्या. बांधकामावरच्या बाईचं हे ठरलेलं आहे, की ती आयुष्यभर घमेलं उचलते. दोन वर्षांत पोरगा थापी धरतो आणि वीस वर्षं झाली तरी बाईच्या हातात कुणी थापी देत नाही. समान वेतनाचा कायदा १९७६मध्येच झाला, तरी अड्ड्यावर बाईचा दर वेगळाच बोलला जातो. मिस्त्रींनी मावशींना दरजा भरायला शिकवलं, मग टाइलचे जोड, मग नीरूचा, म्हणजे गिलाव्यावरचा चुन्याचा गुळगुळीत, हात. नीरूत तर मावशींचा हात त्यांच्यापेक्षा हलका होता, हे ते स्वतः सांगत. तरी ठेकेदारानं दर बिगाऱ्याचाच लावला. तिथे मिस्त्री हरले. एक मात्र त्यांनी करून घेतलं. नवरा-बायकोचा चुकारा एकत्र नवऱ्याच्या हातात द्यायची पद्धत आहे, ती त्यांनी मोडली. मावशींचे पैसे मावशींच्या हातात, वेगळे मोजून.

नीरू आता पुण्यात फारसा राहिलेला नाही, म्हणून त्याविषयी थोडं लिहितो. आतल्या भिंतीच्या गिलाव्यावर गुळगुळीत हात द्यायचा तो मुरवलेल्या चुन्याचा. चुना खड्ड्यात विरवायचा आणि पाण्याखाली मुरत ठेवायचा. वरचेवर ढवळायचा आणि वस्त्रगाळ करून लोण्यासारखा घ्यायचा. न विरलेला एखादा कण राहिला तर तो महिन्या-दोन महिन्यांनी भिंतीत ओल पिऊन फुगतो आणि रंगाला फोड येऊन टिचकीएवढा खड्डा पडतो. म्हणून मुरण्याची मुदत चुकवायची नाही. खालचा गिलावा हिरवा, म्हणजे अजून ओलसर, असतानाच नीरू चढवायचा आणि गुरमाळ्यानं दाबून घोटायचा, म्हणजे दोन्ही एकजीव होतात. वाळलेल्या गिलाव्यावर चढवलेला नीरू पापुद्र्यासारखा निघतो. पुढे जिप्सम आलं, एका दिवसात खोली तयार व्हायला लागली. जिप्समला पाणी मारावं लागत नाही, हा त्याचा मोठाच गुण, मिस्त्रीही ते मान्य करत. पण बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर त्यांनी ते कधी लावलं नाही, कारण ओल लागली की जिप्सम मऊ पडतं.

बाहेरच्या बाजूला गिलाव्याचे दोन हात. गिलाव्याआधी काँक्रीटच्या कॉलमला छिन्नीनं टोचे मारायचे, कारण गुळगुळीत काँक्रीट माल धरत नाही. वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे कोंबडजाळी, दोन्ही अंगांना सहा-सहा इंच, खिळ्यांनी ताणून. ही जाळी विसरली की बरोब्बर त्या रेषेत उभी तड जाते, कारण दोघांचं ऊन-थंडीतलं आकुंचन-प्रसरण वेगळं. मग १२ मिलिमीटरचा पहिला हात, ओला असतानाच त्यावर नागमोडी ओरखडे, दोन-तीन दिवस पाणी, आणि त्यानंतर आठ मिलिमीटरचा वरचा हात, सँडफेसचा, म्हणजे खरखरीत पोताचा. आत शंभर चौरस फुटांना साधारण एक पोतं सिमेंट जातं, बाहेर त्याच्या दीडपट किंवा थोडं जास्त.

वाळूचा प्रश्न त्यांच्या डोळ्यांदेखत बदलला. नदीची वाळू आधी मुबलक, मग महाग, मग चोरीची. तिच्या जागी काळ्या दगडाची क्रश सँड आली. ती वाईट नाही, पण तिच्यात पूड जास्त असते. मिस्त्री काचेच्या बरणीत मीठ घातलेलं पाणी आणि वाळू हलवून तीन तास ठेवायचे. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या आठ टक्क्यांहून जाड असला तर ट्रक परत. मुलांना त्या बरणीचा फार नाद. शतमान म्हणजे काय ते मुलगी बरणीवर पट्टी धरून शिकली आणि काटकोन म्हणजे काय ते दोरीवर तीन, चार, पाच फुटांच्या गाठी मारून. ती पुढे नर्स झाली. मुलानं औंधच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला. मुलानं गवंडी व्हावं असं मिस्त्रींना वाटत नव्हतं, आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. थापी वंशपरंपरेनं चालावी असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा जूनमध्ये बांबूच्या परांचीवर उभं राहून बघावं.

परांचीबद्दल ते फार कडक होते. बांबूचे बांध रोज सकाळी स्वतः ओढून बघायचे, कारण रात्रीच्या पावसात काथ्या भिजतो आणि दुपारच्या उन्हात वाळून सैल पडतो. परांचीवर विटांचा साठा करायचा नाही, लागतील तेवढ्याच. पायाखाली दोन फळ्या, एक कधीच नाही, आणि दोन्हींची टोकं बांधलेली. शेजारी खोदाई चालू असेल तर मातीच्या कडेला कुणी बसायचं नाही, जेवायलासुद्धा नाही. पुण्याला या गोष्टी महाग पडलेल्या आहेत. २९ जुलै २०१६ला बालेवाडीत उंचावर स्लॅबचं काम चालू असताना तो भाग कोसळून नऊ कामगार गेले. २९ जून २०१९ला मध्यरात्रीनंतर कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली आणि झोपेतली पंधरा माणसं गेली, त्यात लेकरं होती. ३ फेब्रुवारी २०२२च्या रात्री येरवड्यात सळयांची जाळी कोसळून पाच जण गेले. कोंढव्यानंतर मिस्त्री बरेच दिवस अस्वस्थ होते. भिंतीमागची माती पावसात पाणी पिते आणि तिचा रेटा कितीतरी वाढतो. म्हणून मातीला टेकलेल्या भिंतीत दर पाच-सहा फुटांवर पाणी वाहून जायला पाइप सोडायचे, आणि अशा भिंतीच्या पायथ्याशी माणसाला झोपवायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी मजुरांच्या खोल्या नेमक्या तिथेच बांधतात, कारण बाकीची जागा सामानाला लागते.

उतारवयात त्यांच्या हातांची कातडी गेली होती. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं, ते कातडीतलं तेल काढून घेतं, भेगा पडतात, आणि एकदा सिमेंटची ॲलर्जी धरली की सुटत नाही. सकाळी निघताना खोबरेल, संध्याकाळी साध्या पाण्यानं धुऊन पुन्हा खोबरेल, हा त्यांचा नेम. रबरी हातमोज्यात थापी नीट धरता येत नाही म्हणून तरुणपणी ते मोजे घालत नसत. पुढे पोरांना मात्र घालायला लावत. दम लागायचा तो टाइल आणि दगड कोरडे कापल्यामुळे, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. कटरच्या पात्यावर पाण्याची धार धरली तर ती बारीक पूड हवेत उडत नाही. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून ती धार धरता येते, फक्त त्यासाठी दुसरा माणूस लागतो, आणि त्याची हजेरी कुणाला द्यायची नसते.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो आणि त्यातून कामगार कल्याणकारी मंडळाच्या योजना चालतात. मुलांची शिष्यवृत्ती, आजारपण, अपघात, मृत्यूनंतर वारसाला मदत, असं बरंच काही त्यात आहे. नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तिथेच बहुतेकांचं अडतं. अड्ड्यावरचा माणूस नव्वद दिवस काम करतो, पण वीस ठिकाणी, आणि वीसांपैकी एकही जण सही करत नाही. दाखला ठेकेदाराचा चालतो, महापालिका-ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेचाही चालतो. नोंदणीचं नूतनीकरण राहिलं की ऐन गरजेच्या वेळी कार्ड उपयोगी पडत नाही. मिस्त्रींनी आपलं नूतनीकरण साठीपर्यंत एकदाही चुकवलं नाही, आणि मुलीच्या नर्सिंगच्या फीला त्या शिष्यवृत्तीचा मोठा हातभार लागला. मावशींचं कार्ड त्यांनी वेगळं काढायला लावलं होतं. नवऱ्याबरोबर काम करणाऱ्या बाईची 'कामगार' म्हणून नोंदच होत नाही, ती त्याच्या कुटुंबात धरली जाते, आणि स्वतःच्या नावावर तिला काही मिळत नाही. मावशी अजून टाइलचे जोड भरायच्या कामाला जातात. त्यांच्या दाखल्यासाठी दर वर्षी मुलगी आधीच ठेकेदाराच्या मागे लागते.

तुमच्या इमारतीत काम चालू असेल, तर सोसायटीच्या कमिटीनं ठेकेदाराशी करार करतानाच त्यात एक ओळ घालावी, की कामावरच्या प्रत्येक माणसाला त्यानं कामाच्या दिवसांचा दाखला द्यायचा आणि बायकांना त्यांच्या स्वतःच्या नावानं द्यायचा. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी ते दाखले बघायला मागावेत.